विस्बाडेनचं तळघर

कॅनडातल्या विंडसरला शिकायला आल्यावर सुरुवातीचे काही आठवडे अनुया शीलाताईंच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होती. शीलाताई मूळच्या नागपूरच्या. नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्या स्वतः म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या आंघोळी, औषधं, जेवणखाण बघायच्या. अनुयाची आई आणि त्या कधीकाळी एका हॉस्टेलवर होत्या, ओळख काय ती तेवढीच. पण तेवढ्या ओळखीवर त्यांनी सांगलीहून आलेल्या या पोरीला एअरपोर्टवरून आणलं, बँकेत नेलं, जाड जॅकेट घेऊन दिलं आणि एक दिवस खोलीही शोधून दिली.

"बेसमेंट आहे, पण सेपरेट वॉशरूम आहे," त्या म्हणाल्या. "मिसेस वेल्श म्हणून माझ्या एक क्लायंट आहेत. नव्वदीच्या पुढं गेल्या, पण डोकं एकदम क्लिअर. भाचा तिकडे दूर रेजिना शहरात राहतो. घरात कुणीतरी असावं एवढंच त्याचं म्हणणं. तुझ्या कॉलेजची बस पण कोपऱ्यावरूनच जाते बाप्पा, अजून काय पाहिजे?"

अनुयाला आणखी काही नको होतं. दोन हजार सतराचा सप्टेंबर संपत आला होता, झाडं लाल व्हायला लागली होती आणि सोफ्यावर झोपून तिची मान धरली होती.

घर विटांचं होतं, नदीपासून जरासं आत. मिसेस वेल्श दारातच उभ्या होत्या. उंच, सडसडीत, पांढरे केस नीट मागे वळवलेले, ओठांवर लिपस्टिक. त्यांनी स्वतः कठड्याला धरून जिना उतरून खोली दाखवली. पलंग, टेबल, छताशी एक आडवी खिडकी आणि भिंतीपलीकडे बॉयलर. तिथून निघालेले पाइप छताखालून जात होते आणि गरम पाणी वरच्या रेडिएटरांत नेत होते.

"इथं ऊब पुरेल ना तुला?" त्यांनी विचारलं.

"पुरेल की," अनुया म्हणाली. बॉयलरशेजारी तर घामच फुटत होता.

पायरी चढताना त्यांनी पुन्हा तेच विचारलं. किल्ली हातात देताना पुन्हा एकदा. अनुयाला वाटलं, म्हातारं माणूस आहे, विसरत असेल.

पण त्या विसरत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर कॉफीचा डबा ठेवलेला होता. नंतर कधी साबणाच्या वड्या, कधी लोणी, कधी लोकरीचे मोजे. अनुया संकोचली. एकदा ती डबा परत द्यायला वर गेली. मिसेस वेल्शचा चेहरा असा पडला, जणू कुणी तोंडावर दार लावलं. "घे ना," त्या हळूच म्हणाल्या. "आम्हाला पुष्कळ मिळतं."

आम्हाला म्हणजे कुणाला, हे अनुयाने विचारलं नाही. तिने डबा उचलून खाली नेला.

कॉलेजनंतर ती एका कॉफीच्या दुकानात काम करायची. सुट्टीच्या दुपारी मात्र मिसेस वेल्श तिला वर बोलवायच्या. खिडकीजवळ त्यांची हिरव्या कापडाची उंच पाठीची खुर्ची होती. त्या खुर्चीत बसायच्या, अनुया समोरच्या सोफ्यावर. अनुयाने एकदा सहज विचारलं, तुम्ही इथल्याच का. त्यावर त्या हसल्या आणि त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"नदीपलीकडची, अमेरिकेतली. डेट्रॉईटची. लग्न करून इकडे आले. पण त्याच्याही आधी मी जर्मनीत होते, माहितीय?"

दुसरं महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. मिसेस वेल्श तेव्हा मार्जोरी होत्या, बाविशीतल्या, एका कचेरीत टायपिस्ट. जर्मनीत अमेरिकन लष्कराचं राज्य चालू होतं आणि त्या राज्याच्या कचेऱ्यांना मुली हव्या होत्या. मार्जोरीने सही केली आणि बोटीत बसली. विस्बाडेन नावाच्या गावात तिची नेमणूक झाली.

"सकाळी कचेरीत गावातली माणसं रांगेनं यायची," त्या सांगायच्या. "लढाईच्या काळात कुणी काय केलं ते सांगायला. दुभाषा बोलायचा, मी टाइप करायची. सगळ्यांचं एकच, आम्ही काही केलं नाही, आम्हाला काही माहीत नव्हतं. बोटं दुखायची तेच ते टाइप करून." मग त्यांचे डोळे चमकायचे. "पण संध्याकाळ झाली की काय मजा! क्लबात बँड, ऑपेरा, सुट्टीत डोंगरावर स्कीइंग. आमच्यासाठी वेगळं दुकान होतं. नायलॉनचे मोजे, चॉकलेट, सिगारेट. मी तर ओढतच नव्हते. माझ्या सिगारेटी देऊन मी कॅमेरा घेतला होता एका प्रोफेसरकडून."

अनुयाला ऐकायला आवडायचं. घरापासून एवढ्या दूर एकटी आलेली बाविशीची मुलगी, हे तिला ओळखीचं वाटायचं.

"मग तुम्ही राहायचात कुठे? हॉस्टेलवर?"

"छे! घर होतं. चौघी जणींना मिळून अख्खं घर. मागे काचेची खोली, पियानो, बागेत सफरचंदाची झाडं. आणि घराबरोबर मिळाली फ्राऊ, म्हणजे मिसेस, लिंडनर. काय स्वयंपाक करायची!"

"म्हणजे कामवाली?"

"हो." मिसेस वेल्शनी कपातली कॉफी ढवळली. "म्हणजे घर तिचंच होतं ना. लष्करानं ताब्यात घेतलं. ती आणि तिची सासू तळघरात राहायच्या."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की अनुयाला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला.

"गंमत सांगू?" मिसेस वेल्श पुढे वाकल्या. "मी कचेरीतून येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची ना, तर कधीकधी ती गरम लागायची. नुकतंच कुणी बसून उठलंय अशी. घरात तर कुणी नसायचं. स्वयंपाकघरात फ्राऊ लिंडनर बटाटे सोलत उभी. तोंडावरची रेषा हलायची नाही तिच्या." त्या हसल्या, आणि मग त्यांचं हसू मध्येच थांबलं. "तो हिवाळा फार वाईट होता. नदी गोठली होती. कोळसा फक्त आमच्या भागापुरता. आणि म्हातारी खालून पाइपवर काहीतरी आपटायची. टक, टक, टक. पाइपातून सगळ्या घरभर ऐकू यायचं. आम्ही दमून आलेलो..."

त्यांनी कॉफीचं भांडं पुढे ओढलं. म्हणाल्या, "कॉफी घे गं अजून."

त्या संध्याकाळी अनुया खाली आली तेव्हा बॉयलर चालू झाला होता. तापणारं लोखंड टकटक आवाज करत होतं. रोजच करायचं. आज मात्र ती कानांत हेडफोन घालून अभ्यासाला बसली.

नोव्हेंबरात शीलाताई मिसेस वेल्शना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. घर रिकामं होतं. खाली उजेड पुरत नव्हता, म्हणून अनुया पुस्तक घेऊन वर आली आणि त्या हिरव्या खुर्चीत बसली. तिला कुणी मनाई केलेली नव्हती. बाहेर बारीक बर्फ पडत होता. तिने दोन पानं वाचली असतील. मग ती नुसतीच बघत बसली. या पडद्यांची रया गेली, आता बदलायला हवेत, असं तिच्या मनात आलं. ते कपाट या भिंतीला नव्हतं, पलीकडे होतं. पियानो कुठे गेला?

ती दचकली. या घरात पियानो कधी नव्हताच.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. अनुया ताडकन उठली, उशी सारखी केली, पुस्तक उचललं आणि जिना उतरून खाली गेली. आपण का पळालो हे तिला कळेना. वर दार उघडलं, शीलाताईंचा आवाज आला, काठी टेकत मिसेस वेल्श आत आल्या. मग सगळं शांत झालं. फार वेळ शांत.

"अनुया!" शीलाताईंनी हाक मारली. "जरा वर ये बरं."

मिसेस वेल्श खुर्चीसमोर उभ्या होत्या. कोट काढलेला नव्हता. एक हात खुर्चीच्या बैठकीवर सपाट ठेवलेला, आणि चेहरा पांढराफटक. अनुया दारात दिसताच त्यांनी मान वळवली आणि त्या काहीतरी बोलल्या. ते इंग्रजी नव्हतं.

"काय म्हणतात या?" शीलाताईंनी विचारलं.

अनुयाला जर्मन येत नव्हतं. पण त्यात 'फ्राऊ लिंडनर' हे शब्द तिने स्पष्ट ऐकले, आणि ते तिच्याकडे बघून म्हटलेले होते.

त्यानंतर मिसेस वेल्श पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. काही दिवस ठीक जायचे. लिपस्टिक लावून त्या नाश्त्याला यायच्या, बातम्या बघायच्या. मग एखाद्या सकाळी अनुया वर गेली की त्या खुर्चीतून झटकन उठून उभ्या राहायच्या. स्वतःच्याच स्वयंपाकघरात जाताना दारावर टकटक करायच्या. इंग्रजीत तू आणि तुम्ही वेगळं नसतं, तरी अनुयाला स्वरावरून कळायचं की आज त्या आपल्याला 'तुम्ही' म्हणताहेत. स्वतःची खोली त्यांनी थंडगार करून टाकली होती. रेडिएटर बंद, अंगात कोट, मांडीवर पर्स. अनुया रेडिएटर चालू करायची, त्या पुन्हा बंद करायच्या.

"सगळी ऊब खाली जाऊ दे," त्या म्हणायच्या. "खाली जास्त लागते."

एकदा त्यांनी विचारलं, "सासूबाई कशा आहेत?"

"कोण?"

"खाली असतात त्या. दोन दिवस झाले, आवाज नाही आला."

खाली अनुया राहत होती, आणखी कुणी नाही. तरी जिना उतरताना तिने आधी सगळे दिवे लावले. बॉयलरच्या मागे, जिन्याखाली, सगळीकडे वाकून पाहिलं. काही नव्हतं. फक्त पाइप. त्या दिवसापासून पाइप वाजले की ती घाबरायची, आणि वाजायचे थांबले की त्याहून जास्त.

"डिमेन्शिया आहे तो," शीलाताई म्हणाल्या. "या वयात असं होते. जुनं सगळं वर येते आणि आजचं खाली जाते. मी किती क्लायंट पाहिले. तू मनावर नको घेऊ, नाहीतर माझ्याकडे ये राहायला."

"त्या मला तिथली बाई समजतात, शीलाताई. ज्या बाईचं घर यांनी घेतलं ना, ती."

"मग समजू दे. तू कशाला समजतेस?"

खरं तर अलीकडे वर पावलांचा आवाज आला की अनुयाला वाटायचं, कोण ही बाई माझ्या डोक्यावर चालतेय? मग तिची तिलाच लाज वाटायची. पायरीवर ठेवलेलं लोणी उचलताना तर तिच्या मनात राग यायचा. हा राग कुणाचा आहे, तेच तिला कळत नव्हतं.

जानेवारीतल्या एका दुपारी ती कॉलेजातून परत आली तर घराचं पुढचं दार सताड उघडं. आतपर्यंत बर्फ आला होता. हाका मारत ती सगळ्या खोल्यांतून फिरली. पलंगाच्या चादरी काढून घड्या करून ठेवलेल्या, स्वयंपाकघर लखलखीत, कपाटांची दारं उघडी. तपासणीला कुणी येणार असल्यासारखं सगळं मांडून ठेवलेलं. आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर घराच्या किल्ल्या.

अनुयाने धावतच शीलाताईंना फोन लावला. "मी निघते," त्या म्हणाल्या. "पोलिसांना मी कॉल करते, तू तोवर आसपास बघ. थांबू नकोस."

बर्फात पावलं उमटली होती. मध्येच एक सरळ रेघ होती, ओढत नेलेल्या बॅगेची. ती रेघ नदीकडे जात होती.

मिसेस वेल्श नदीकाठच्या बाकावर बसल्या होत्या. कोट होता, हॅट होती, पण पायांत घरातल्या सपाता. शेजारी जुनी चामड्याची बॅग. नदीवरून बर्फाचे तुकडे एकमेकांवर घासत चालले होते आणि पलीकडे डेट्रॉईटच्या इमारती धुरकट उभ्या होत्या.

अनुयाने आपला स्कार्फ काढून त्यांच्या पायांभोवती गुंडाळला. पाय लाकडासारखे झाले होते.

"बोट येईलच," त्या म्हणाल्या. "ऑर्डर आली. घर परत करायचं आहे. सगळं जसंच्या तसं ठेवलंय, फ्राऊ लिंडनर. एक कप फुटला, तेवढाच. निळ्या कडेचा."

"मिसेस वेल्श, मी अनुया. चला, थंडी आहे."

"मी एकटीनंच खाली येऊन सांगितलं होतं," त्या पलीकडे बघत म्हणाल्या. "बाकी तिघींना लाज वाटत होती. मी नीट सांगितलं, प्लीज म्हटलं. म्हटलं, सासूबाईंना आवाज तेवढा बंद करायला सांगा. आणि तो बंद झाला." त्यांनी अनुयाकडे मान वळवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती विचारणा होती. "मग किती दिवसांनी गेल्या त्या?"

दिवस सांगावेत तर ते अनुयाला ठाऊक नव्हते. त्या बऱ्या आहेत, असं खोटं बोलावं, तर कुणाच्या वतीने? जाऊ दे, झालं गेलं, असं म्हणायचा हक्क तिला कुणी दिला होता? कुठल्यातरी तळघरात एक म्हातारी थंडीने काकडत पाइपवर काहीतरी आपटत होती, आणि तिच्याबद्दल बोलायला या नदीकाठी सांगलीची एक मुलगी बसली होती. तिने मिसेस वेल्शचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागली. तोंडातून आपोआप मराठी आलं.

"चला आजी. उठा बघू. घरी जाऊ."

मिसेस वेल्शना त्यातलं अक्षरही समजलं नसणार. पण त्या उठल्या. अनुयाच्या खांद्यावर सगळा भार टाकून पाऊल पाऊल चालायला लागल्या. रस्त्यावर शीलाताईंची गाडी येऊन थांबलेली दिसली. त्यांच्या मागोमाग अँब्युलन्स.

पायांची बोटं वाचली. पण घरी परत येणं त्यांच्या नशिबात नव्हतं. रेजिनाहून भाचा आला, रॉबर्ट नावाचा, साठीतला, अबोल. त्याने हॉस्पिटलमधूनच त्यांना गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात हलवलं आणि घर विकायला काढलं. अनुयाचे त्याने पुन्हा पुन्हा आभार मानले.

"घर जाईपर्यंत तू राहा," तो म्हणाला. "वरचं सगळं वापर. रिकामंच आहे आता."

अनुयाने वरचं काही वापरलं नाही. फेब्रुवारी आणि मार्च तिने तळघरातच काढले. वर कुणी चालत नव्हतं, पायरीवर कुणी काही ठेवत नव्हतं. रॉबर्टने बॉयलर मंद करून ठेवला होता, त्यामुळे पाइपही जवळजवळ गप्प झाले होते. तिने एकदाच विचारलं, "तुमच्या मावशी जर्मनीतल्या घराबद्दल कधी काही बोलायच्या का?" रॉबर्ट जरा आठवून म्हणाला, "ऑपेराबद्दल बोलायची खूप."

एप्रिलमध्ये शीलाताई तिला मिसेस वेल्शकडे घेऊन गेल्या. वृद्धाश्रमातली खोली उन्हाची होती, चांगली उबदार. मिसेस वेल्श फिकट गुलाबी स्वेटर घालून बसल्या होत्या. लिपस्टिक कुणीतरी नीट लावून दिली होती. अनुयाला पाहून त्या प्रसन्न हसल्या. त्या हसण्यात ओळख नव्हती, पण भीतीही नव्हती.

"किती सुंदर केस तुझे!" त्या म्हणाल्या. "तू नाचतेस का? शनिवारी बँड आहे, ये. आपण चौघी जाऊ."

"येईन की," अनुया म्हणाली.

त्या बँडबद्दल बोलत राहिल्या, एका कॅप्टनबद्दल, डोंगरावरच्या बर्फाबद्दल. चेहरा मुलीसारखा हलका झाला होता. अनुयाने ठरवलं होतं, काही विचारायचं नाही. पण निघताना तिला राहवलं नाही. तिने वाकून विचारलं, "फ्राऊ लिंडनर आठवतात तुम्हाला?"

मिसेस वेल्शनी मनापासून आठवून पाहिलं. कपाळावर आठी आली, गेली.

"कोण गं?" त्या म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर अनुया खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी शेतं होती, बर्फ वितळून काळी माती दिसायला लागली होती. शीलाताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"बरं झालं ना गं," त्या म्हणाल्या. "सुटल्या बिचाऱ्या. आता कशाचाच त्रास नाही त्यांना."

"हो."

"मग तू काहून अशी बसली?"

अनुयाने मग सगळं सांगितलं. खुर्चीत बसल्यावर मनात आलेल्या पडद्यांपासून ते नदीकाठच्या बाकापर्यंत, आधी कधी न सांगितलेलं सगळं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की त्या चौघींतल्या बाकी तिघी आता नसणार. फ्राऊ लिंडनर नसणार. मिसेस वेल्श तर हसत हसत त्यातून निघून गेल्या होत्या. विस्बाडेनच्या त्या घरात तळघरातून एक म्हातारी पाइप वाजवायची, हे आता जगात कदाचित आपल्याला एकटीलाच माहीत आहे. आणि आपल्यालाही तिचं नाव माहीत नाही.

शीलाताईंनी गाडीचा वेग कमी केला. रेडिओ चालू होता, तो त्यांनी बंद केला.

"त्या म्हातारीला पाहिजे काय होतं गं?" त्यांनी विचारलं. "वर कोळसा मागत होती, की नुसतंच आपलं, मी आहे इथं म्हणून?"

"कुणीच विचारलं नाही तिला," अनुया म्हणाली.